कटर सगळ्यात शेवटी घे

तू विचारलंस ते आधी इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात मांडतो. वय २५, सहा वर्षं नाशिकजवळच्या अंजनेरीच्या आणि आसपासच्या कातळांवर चढाई, जवळ दोर, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप कडी) सगळं आहे, आता झाडछाटणीची कामं पोटापाण्यासाठी घ्यायची आहेत. इंदिरानगरातल्या एका सोसायटीने पार्किंगमधला गुलमोहर ‘वरून निम्मा’ करून मागितलाय. आणि प्रश्न एवढाच, की काका, कटर, म्हणजे साखळीची पेट्रोल करवत, कोणता घेऊ?

कटर सगळ्यात शेवटी घे.

मी हे काम २२ वर्षं करतोय आणि मीही कातळावरूनच झाडावर आलो, म्हणून तुझी घाई लगेच ओळखू आली. माझं पहिलं सामान म्हणजे एक सेकंडहँड कटर, क्लाइंबिंगचा जुना दोर आणि भरपूर मस्ती. पहिल्या पावसाळ्यापर्यंत मी धडधाकट राहिलो, यात माझं कर्तृत्व काही नव्हतं.

कातळावर तू स्वतःच्या हातापायांवर चढतोस. दोर असतो तो पडलास तर झेलायला. दिवसभरात त्यावर एकदाही भार आला नाही तर चढाई झकास झाली म्हणायची. झाडावर सकाळी आठला दोरात बसलास की जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोरातच बसलेला असतोस आणि दोन्ही हात करवतीवर असतात. चढणं हा या कामाचा दहावा हिस्साही नाही. हव्या त्या जागी, हव्या त्या कोनात, हात मोकळे ठेवून स्थिर थांबता आलं पाहिजे. तुझ्या आणि माझ्या सामानातला सगळा फरक एवढ्यातून येतो.

तुझा दोर डायनॅमिक आहे. पडणाऱ्याला झटका बसू नये म्हणून तो ताणला जातो, कातळावर तेच हवं. पण अशा दोराला नुसतं ८० किलो वजन लावलं तरी तो सात-आठ टक्के लांबतो. वर १५ मीटर दोर सुटलेला असेल तर फांदीवरून पाय काढताक्षणी तू मीटरभर खाली, आणि हातात चालू कटर. झाडासाठी कमी ताणाचा दोर लागतो, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, वरचं विणकाम घट्ट असलेला, म्हणजे घर्षणाची गाठ, जी भार आला की दोराला आवळते आणि एरवी सरकते, त्यावर नीट धरते. या दोराचीही एक अट आहे. तो झटका पोटात घेत नाही, सगळा तुझ्या कंबरेला देतो. म्हणून दोर जिथे अडकवलाय त्या फांदीच्या वर जायचं नाही आणि दोर ढिला सोडून चालायचं नाही. कातळावर शेवटच्या बोल्टच्या, म्हणजे दोर अडकवायला ठोकलेल्या खिळ्याच्या, दोन मीटर वर जायची तुला सवय असेल. ती सवय झाडाखाली चपलांबरोबर काढून ठेव.

हार्नेसचंही तसंच. चढाईचा हार्नेस पडताना धरायला बनवलेला असतो, त्यात अर्धा तास लटकलास की मांड्या बधीर होतात. झाडाच्या हार्नेसला पाठीशी रुंद पट्टा असतो, बाजूला कडी असतात, आणि पुढे ‘ब्रिज’, म्हणजे दोरखंडाचा एक आडवा तुकडा, ज्यावर रिंग डावी-उजवी सरकते. त्या सरकण्यामुळे दोर न हलवता तू अंग वळवू शकतोस. लेबलवर ईएन ८१३ आणि ईएन ३५८ हे युरोपीय मानकांचे दोन्ही आकडे पाहून घे. पहिला मोठा खर्च इथे कर. ब्रिज झिजतो, तो बदलता येतो, आणि रोज सकाळी तो बोटांनी चाचपायचा. डोळ्याला दिसत नाही ते बोटांना कळतं.

हेल्मेट चालेल, हनुवटीचा पट्टा घट्ट असेल तर. कॅराबिनर मात्र बदल. तुझे स्क्रूचे आहेत ना? डहाळ्यांवर घासून, दोर वरखाली होऊन स्क्रू आपोआप उलगडतो. माझा दोनदा उलगडलाय. झाडावर तीन हालचालींनी उघडणारे, आपोआप बंद होणारे कॅराबिनर वापरतात. जुना दोर फेकू नकोस, अंजनेरीला त्याचं काम आहेच.

आता दोर वर न्यायचा कसा? आमच्याकडे जुनी पद्धत म्हणजे कमरेला नाडा बांधून अनवाणी चढायचं. मी ज्यांच्याकडून झाड शिकलो ते मामा पेठ तालुक्यातले. साठीतही चिंचेवर असे चढायचे, की खाली उभ्या माणसाला फक्त पानं हललेली दिसायची. त्यांच्या चढण्याला तोड नव्हती, पण वर गेल्यावर एक हात कायम फांदीला, म्हणजे कोयता एकाच हातात. आपण जमिनीवरूनच दोर टाकतो. ३००-४०० ग्रॅमची छर्रे भरलेली छोटी पिशवी, तिला बारीक गुळगुळीत दोरी, आणि नेम. पिशवी बेचक्यातून पलीकडे उतरवायची, मग त्या दोरीने मुख्य दोर ओढून घ्यायचा. मामांनी पहिल्या दिवशीच १२ मीटरवरचं बेचकं दुसऱ्या फेकीत घेतलं. बाजरीच्या राखणीला लहानपणापासून गोफण फिरवलेली होती. मला तेवढं यायला दोन महिने लागले, रोज संध्याकाळी मैदानावर. तूही तेच कर, याला शॉर्टकट नाही.

बेचकं निवडताना मनगटाएवढी फांदी चालत नाही, पोटरीएवढी जाड आणि जिवंत हवी, आणि दोर खोडाला चिकटून बसलेला हवा. मग जमिनीवरूनच दोघांनी दोन्ही टोकांना लटकून झटके द्यायचे. मोडायची असेल तर आत्ताच मोडू दे. इथे कातळवाल्यांची एक चूक हमखास होते. जुमारने, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडीने, एकेरी दोरावर चढणं तुला सोपं वाटणार, म्हणून तू दोराचं दुसरं टोक बुंध्याला बांधणार. तसं बांधलं की वरच्या फांदीवर तुझ्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, कारण दोराच्या दोन्ही बाजू तिला खाली ओढतात. ८० किलोच्या माणसासाठी १६० किलो. गुलमोहराच्या वाळक्या गाभ्याला तेवढं पुरतं.

सुरुवात दुहेरी दोराने कर. दोर फांदीवरून फिरून परत येतो, एका टोकाला तू, दुसऱ्या बाजूवर घर्षणाची गाठ. गाठ वर सरकवत गेलास की चढतोस, हलकेच दाबलीस की उतरतोस. प्रुसिक ही घर्षणाची गाठ तुला येतेच. ब्लेक्स हिच ही दुसरी गाठ शीक आणि एक अख्खा सीझन तिच्यावर काढ. गाठीचं काम करणारी झिगझॅगसारखी यंत्रं उत्तम आहेत, मी स्वतः वापरतो, पण गाठ का धरते आणि का सुटते हे हाताला कळल्याशिवाय यंत्र घेणं म्हणजे कानाला न कळता तंबोरा लावणं. गाठीवरून झरझर उतरू नकोस. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि पुढच्या वेळी गाठ धरत नाही. फांदीवर दोर सरळ घासू देऊ नये. चामड्याची नळी किंवा दोन कड्यांचा पट्टा मध्ये घालावा. दोरही वाचतो, साल सोलून झाडाला जखमही होत नाही.

खिळ्यांचे बूट, म्हणजे स्पाइक्स, तुला व्हिडिओत दिसले असतील. ते फक्त पूर्ण उतरवायच्या झाडासाठी. जिवंत ठेवायच्या झाडावर प्रत्येक पाऊल म्हणजे सालीतून आत गेलेलं एक भोक.

दुसरा बांध हा माझ्या अंगावरच्या एका व्रणाचा विषय आहे. पोलादी तार आत असलेला दोन-चार मीटरचा लॅनयार्ड, जो खोडाभोवती फिरवून कमरेच्या दोन्ही कड्यांना लावायचा. करवत हातात घेतलीस की मुख्य दोर अधिक लॅनयार्ड, दोन्ही लागलेले हवेत. हात पोहोचत नाही, एकच काप आहे, मिनिटाचं काम आहे, असं मन सांगतं. गंगापूर रोडच्या एका बंगल्यात आंब्यावर मी तसंच केलं. फांदी सुटली, कटर खाली झुकला आणि साखळी ताणलेल्या दोराला चाटून गेली. ताणलेला दोर कापायला करवत लागतच नाही, स्पर्श पुरतो. वरचं आवरण पूर्ण उसवलं, आतले काही पीळ राहिले, आणि मी त्यांच्यावर लटकत लॅनयार्ड लावला. हात थरथरत होते म्हणून कडी दंडात रुतली. व्रण तिचाच. तो दोर अजून माझ्या गोडाऊनमध्ये खिळ्याला टांगलेला आहे, नवीन मुलांना दाखवायला.

आता करवती. तू कटर विचारलास, पण छाटणीचं निम्म्याहून जास्त काम हातकरवतीचं असतं. जपानी घाटाची, वाकडी, ओढताना कापणारी करवत म्यानासकट मांडीला बांध. सिल्की नावाच्या त्या मिळतात, महाग आहेत, पण दहा सेंटीमीटरपर्यंतची फांदी कटर चालू करेपर्यंत कापून होते. आपली सुताराची करवत ढकलताना कापते, म्हणून लटकत्या माणसाला तिच्यावर जोर देता येत नाही. आणि तिला गरीब समजू नकोस. माझ्या डाव्या हातावरचे बहुतेक वण हातकरवतीचे आहेत, कटरचा एकही नाही. डावा हात फांदीवर, करवत उसळली, झालं. म्हणून डाव्या हातात जाड मोजा.

कटर घेशील तेव्हा दोन घे. झाडावर वरच्या मुठीचा, हलका, १२ किंवा १४ इंची पट्टीचा. जमिनीवर मागच्या मुठीचा, थोडा मोठा. वरच्या मुठीचा कटर एका हाताने धरता येतो, हाच त्याचा दुर्गुण. नेहमी दोन्ही हात, अंगठा मुठीखालून वळवलेला. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही लागला की कटर तोंडाकडे उसळतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. झाडावर हा धोका जास्त, कारण टोकाच्या आसपास डहाळ्यांची गर्दी असते. कोल्ड स्टार्ट, म्हणजे थंड मशीन पहिल्यांदा चालू करणं, खाली उभ्या साथीदाराने करायचा, गरम करून बंद करून वर पाठवायचा, आणि कापायचं नसेल तेव्हा चेन ब्रेक, म्हणजे साखळी अडवणारा खटका, लावलेला. तेलाचं प्रमाण कंपनीने दिलेलंच ठेव. बहुतेक मशिनांना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. साखळीच्या टाकीत जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे रीतच आहे. तसं करू नकोस. त्यातल्या धातूच्या चुऱ्याने पंप खराब होतो, आणि ते सगळं झाडावर, जमिनीवर आणि तुझ्या दोरावर उडतं.

कानस चालवायला शीक, कटर चालवण्याआधी. बारीक साखळीला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ३० अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखे हात. भुशाऐवजी लाकडाच्या छोट्या ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की बोथट झाली, आणि बोथट साखळीला माणूस जोर देतो, जोर दिला की तोल जातो. वडा-उंबरावर काम केलंस तर चीक साखळीला आणि दोराला असा बसतो, की दुसऱ्या दिवशी सगळं पोळीच्या गोळ्यासारखं. त्याच संध्याकाळी साफ कर.

कटरविरोधी पँटबद्दल माझं आणि माझ्या माणसांचं दर एप्रिलमध्ये भांडण होतं. आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि साखळी थांबते. पारा चाळिशीला टेकला की ती पँट म्हणजे शिक्षा. तरी घालायची. आम्ही उन्हाळ्यात सकाळी सहाला काम धरतो आणि अकराला उतरतो, पण पँट काढत नाही. जीन्स घालून साखळी थांबत नाही, ती फक्त जखमेत शिरते.

सामानाबद्दल खूप झालं. तुझ्या गुलमोहराकडे येतो, कारण तिथे तू खरा अडकणार आहेस.

आपण नाशिककर छाटणी म्हटलं की द्राक्षाकडे पाहतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. काडी दोन डोळ्यांवर मारली की बाग पुन्हा फुटते. त्यामुळे सोसायटीच्या चेअरमनपासून सगळ्यांना वाटतं, की झाड जितकं जास्त कापावं तितकं जोमाने येतं. द्राक्षवेल आपण दरवर्षी नवी काडी घ्यायला पाळलेली असते. गुलमोहराची मांडीएवढी फांदी मधूनच तोडलीस तर ती जखम कधी बुजत नाही. तिथे कूज आत शिरते, आणि कापाच्या कडेने झाडूसारखे सरळसोट फुटवे येतात. ते लोकांना जोम वाटतो. प्रत्यक्षात पानं गेल्यामुळे उपाशी पडलेलं झाड साठवलेला शेवटचा दाणा खर्च करत असतं. आणि हे फुटवे लाकडात खोल रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते जाड होतात, खाली गाभा कुजलेला असतो, आणि मे महिन्यातल्या पहिल्या वळवाच्या वादळात गाडीवर पडतात. तेव्हा तीच सोसायटी म्हणते, बघा, गुलमोहर धोकादायकच असतो.

झाड जखम भरून काढत नाही, ते जखम कोंडून टाकतं. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, की कूज पसरू नये म्हणून झाड आतल्या आत भिंती घालतं. त्यातली एक महत्त्वाची भिंत फांदी जिथे खोडाला मिळते त्या फुगवट्यात, म्हणजे कॉलरमध्ये असते. म्हणून काप कॉलरच्या बाहेर लागूनच. कॉलर कापली की झाडाची भिंतच पाडली. फार लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत नेतो. जड फांदी एका कापात कापायची नाही: आधी खोडापासून वीतभर-दोन वीत पुढे खालून चतकोर काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून आरपार, आणि फांदी गेल्यावर उरलेला खुंट कॉलरवर. खालचा काप चुकवलास तर फांदी पडताना खोडाची साल दोन हात सोलून नेते. आणि जखमेला बोर्डो पेस्ट, गेरू, डांबर असलं काही लावू नकोस. बागेत ठरावीक रोगासाठी पेस्ट लावतात ती गोष्ट वेगळी. मोठ्या झाडाच्या कापावर लेप दिल्याने कूज थांबत नाही. चेअरमन म्हणतील, ‘काहीतरी लावा ना.’ समजावून सांग. मी आता पाच मिनिटांत समजावतो, पूर्वी अर्धा तास लागायचा.

मग सोसायटीला काय द्यायचं? झाडाखाली उभा राहून नेमकी अडचण विचार. बहुतेक वेळा ती तीन-चार फांद्यांची असते: एक गच्चीला घासते, एक दिव्याखाली येते, एक-दोन वाळलेल्या. वाळलेलं सगळं काढ. लांब फांदी आखूड करायची असेल तर मधूनच न तोडता मागच्या एखाद्या उपफांदीपर्यंत काप, आणि ती उपफांदी मूळ फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे ती शेंड्याची जागा घेते. एका वर्षात हिरव्या डोलाऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समज, आणि म्हाताऱ्या झाडाला त्याच्याही निम्मं. एवढं केलंस तर काम झालंय हे लांबून कळतही नाही. पैसे देणाऱ्याला ते आवडत नाही, म्हणून आधीचे-नंतरचे फोटो ठेव.

चढण्याआधी बुंध्यापाशी दहा मिनिटं दे. माझी कितीतरी कामं तिथेच नाकारून झालीत. खोडाच्या पायथ्याशी टणक, पंख्यासारखी आळंबी दिसली तर मुळं आणि बुंधा आतून खाल्लेला असू शकतो. लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकत फीर. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ भदभद. निरोगी भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी उरली असेल तर मी त्या झाडावर दोर टाकत नाही. जमिनीला एका बाजूने भेग, बुंध्यापर्यंत ओतलेलं काँक्रीट, केबलसाठी नुकताच खणलेला चर, हे सगळं पाहा. एका रो-हाऊसवाल्याने मला सांगितलं होतं, ‘चर? छे, मागच्या वर्षी.’ माती ओली होती. मी परत आलो. मुळं तोडलेलं झाड वाऱ्यात पडतं तसंच वर चढलेल्या माणसाच्या झटक्यानेही पडतं.

जातीजातीचा स्वभाव वेगळा. चिंच वाकते, मोडत नाही. तिच्यावर मी डोळे मिटून बसेन. जांभूळ दिसायला दणकट, पण फांदी काडकन जाते. सिल्व्हर ओक, निलगिरी, पीतमोहर यांचा भरवसा नाही. पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांद्या इतक्या लांब, की टोकाला गेल्यावर दोर जवळजवळ आडवा होतो. तिथून घसरलास तर लंबकासारखा थेट खोडावर. अशा वेळी मध्ये दुसरं बेचकं घेऊन दोर वळवून घ्यायचा. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजलेल्या असतील तर त्या खांब आहेत. रस्ते रुंद करताना त्या सरसकट छाटलेले वड शहरात पाहिलेत ना? आधाराचे खांब काढून घेतले आणि मग वड कलला म्हणून तक्रार.

वीज. ११ केव्हीची तार फांदीतून जात असेल तर ते काम तुझं नाही. घरगुती तार असली तरी महावितरणकडून पुरवठा बंद करून घे, लेखी, आणि तार बंद आहे हे त्यांच्या माणसाने तपासेपर्यंत हात लावू नकोस. शेजारच्या बंगल्याने जनरेटर चुकीचा जोडलेला असेल तर बंद तारेत उलटी वीज येते. ओली फांदी वीज वाहते, ओला दोरही. मी स्वतःसाठी तीन मीटरची रेघ आखली आहे; अंगाने, करवतीने, किंवा पडणाऱ्या फांदीने ती ओलांडायची शक्यता असेल तर काम उभंच करत नाही.

आग्या मोहोळ असेल तर त्या झाडावर तर नाहीच, शेजारच्या झाडावरही कटर सुरू करू नकोस. आवाज आणि कंप पुरतो, आणि दोरात लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. घरटी पाहायची: मार्च ते जूनमध्ये कावळे, बुलबुल, ढोलीत पिंगळे, पावसाळ्यात पर्जन्यवृक्षांवर बगळ्यांच्या वसाहती. पिल्लं असतील तर काम पुढे ढकल. मोठी छाटणी मी जानेवारी-फेब्रुवारीत घेतो. मे महिन्यात सगळ्यांना पावसाच्या भीतीने घाई होते, आणि नेमकी तेव्हाच सावली सगळ्यात जास्त लागते.

फांद्या खाली सोडण्याबद्दल एकच हिशोब डोक्यात ठेव. ओल्या लाकडाचा घनमीटर टनाच्या आसपास भरतो. ४० सेंटीमीटर जाड आणि दोन मीटर लांब ओंडका म्हणजे पाव घनमीटर, सव्वादोनशे-अडीचशे किलो. वर कप्पी लावून तो दोराने सोडलास तर कप्पीवर दुप्पट, म्हणजे पाच क्विंटलपर्यंत भार. तो मीटरभर पडून मग दोरात अडकला तर याच्या कितीतरी पट. म्हणून छोटे तुकडे, कप्पी कापाच्या जवळ, आणि खाली बुंध्याला घर्षणाचा ड्रम बांधून दोर त्यावर गुंडाळलेला. खालच्या माणसाने अचानक थांबवायचं नाही, हळूहळू सोडत थांबवायचं. हा दोर तुझ्या चढायच्या दोरापेक्षा वेगळ्या रंगाचा ठेव. दोघांची सरमिसळ कधीच नको, कारण ओझ्याने दमलेल्या दोराचं वय बाहेरून दिसत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याच परदेशी व्हिडिओत सापडणार नाही. वरून मी ओरडलो ‘ओढ!’ आणि कटरच्या आवाजात खाली ऐकू गेलं ‘सोड!’ शेवग्याच्या झाडाची चांगली जाड फांदी थेट कंपाउंडच्या भिंतीवर. माणूस बाजूला होता म्हणून बरं. त्या दिवसापासून आमच्या टोळीत ‘ओढ’ आणि ‘सोड’ हे दोन्ही शब्द बंद आहेत. ‘ताण’ म्हणजे ओढायचं, ‘जाऊ दे’ म्हणजे सोडायचं, शिट्टी म्हणजे सगळं थांबवायचं. आणि खालच्याने तोच शब्द परत उच्चारल्याशिवाय वरच्याने कापायचं नाही.

एकट्याने काम घेऊ नकोस, छोटंसंही. खाली असा एक माणूस हवा, ज्याला दोरावर चढून तुला उतरवता येतं, आणि त्याच्यासाठी दुसरा दोर आधीच वर टाकलेला हवा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहिला तर पायात रक्त साचून काही मिनिटांत जिवावर बेततं. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. हार्नेसलाच दाबपट्टी आणि टुर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) बांधलेला ठेव, खाली पेटीत नाही. १०८ ला पत्ता सांगताना अडखळायला होतं, म्हणून आम्ही काम सुरू करण्याआधी पत्ता आणि जवळची खूण खडूने गाडीच्या दारावर लिहितो. टोळीतल्या प्रत्येकाचा अपघात विमा काढ, पहिल्या कामाच्या पैशातून.

कागद. शहरात खाजगी जागेतलं झाडही आपल्या मर्जीने छाटता येत नाही. १९७५ च्या राज्याच्या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज ट्री धरलं जातं. अर्ज सोसायटीने महापालिकेच्या उद्यान विभागाकडे करायचा, परवानगीची प्रत तुझ्या खिशात. परवानगीत लिहिलंय तेवढंच काप. ‘आता चढलाच आहात तर ती पण घ्या’ हे वाक्य तू दर कामाला ऐकशील.

तर इंदिरानगरच्या सोसायटीला सांग, परवानगी येईपर्यंत थांबा, आणि निम्मं करायचं असेल तर दुसरा माणूस शोधा. ते शोधतीलही, त्याची तयारी ठेव. माझी पुढच्या महिन्यात गंगापूर धरणाकडच्या एका शेतावर दोन जुन्या आंब्यांची कामं आहेत, तिथे ये. पहिले आठ दिवस खाली उभा राहून दोर धरायचा आणि फांद्या ओढायच्या. तुझं हेल्मेट आण, पायात घोट्यापर्यंतचे बूट घाल. हार्नेस माझा जुना आहे, ब्रिज नवा टाकलाय, तो तुला होईल. डबा दोन माणसांचा आण, मामा अजूनही सोबत येतात आणि त्यांना बाजरीची भाकरी लागते.